धाराशिवमध्ये ‘सस्टेनेबिलिटी’ कोण शोधतं? सर्च ट्रेंड्सचे आकडे वाचायचे कसे

५ जून जवळ आला, म्हणजे जागतिक पर्यावरण दिन आला, की समाजमाध्यमांवर एक ठरावीक प्रकारची पोस्ट फिरू लागते. सोबत गुगल ट्रेंड्सचा आलेख किंवा नकाशा असतो आणि वर एक ओळ: अमुक शहराला पर्यावरणाची सगळ्यात जास्त काळजी, अमुक भागाला मात्र काही पडलेली नाही. महाराष्ट्राचा असा नकाशा काढला तर मुंबई-पुण्याकडे रंग गडद आणि धाराशिवसारखा जिल्हा (जुनं नाव उस्मानाबाद) कोरा दिसण्याचीच शक्यता जास्त. मग निष्कर्ष निघतो की तिथल्या लोकांना शाश्वततेशी देणंघेणं नाही, आधी जनजागृती करायला हवी. पैसा भिंती रंगवण्यावर आणि रॅलीवर जातो.

ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं हा अनेक गावांचा दिनक्रम असतो, तिथल्या लोकांना पाण्याची, मातीची आणि हवामानाची फिकीर नाही, हे म्हणणंच मुळात पटत नाही. पण नकाशाही खोटा नसतो. तो एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. तो प्रश्न नेमका कोणता, हे समजून घेतलं तर सर्च ट्रेंड्स हे खूप कामाचं साधन आहे.

गुगल ट्रेंड्स नेमकं काय मोजतं?

गुगलने ही सेवा २००६ मध्ये सुरू केली. तिच्यात जानेवारी २००४ पासूनची माहिती पाहता येते. एखादा शब्द टाकला की ० ते १०० या मापात रेषा दिसते. हा १०० चा आकडा म्हणजे शंभर लोक नव्हेत, शंभर टक्केही नव्हेत. निवडलेल्या काळात आणि निवडलेल्या प्रदेशात त्या शब्दाचा एकूण सर्चमधला वाटा ज्या आठवड्यात किंवा महिन्यात सर्वाधिक होता, त्याला १०० मानलं जातं आणि बाकीचे आकडे त्या प्रमाणात काढले जातात. किती लोकांनी शोधलं, हे ट्रेंड्सच्या आलेखातून कळत नाही.

इथेच सगळ्यात मोठी गल्लत होते. एक काल्पनिक हिशेब करून पाहू. समजा, एका भागात आठवड्याला १० लाख सर्च होतात आणि त्यांतले ५० ठिबक सिंचनाबद्दल आहेत. काही वर्षांनी मोबाइल घरोघर पोहोचतो, सर्च ४० लाखांवर जातात आणि ठिबकबद्दलचे १२० होतात. ठिबकची चौकशी दुपटीहून जास्त वाढली. पण वाटा ०.००५ टक्क्यांवरून ०.००३ टक्क्यांवर आला. ट्रेंड्सची रेषा १०० वरून ६० वर घसरलेली दिसेल. आणि कुणीतरी पोस्ट टाकेल की शेतकऱ्यांचा ठिबकमधला रस ४० टक्क्यांनी कमी झाला.

भारतात हे अगदी असंच घडण्याची परिस्थिती होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि पूर्वी इंटरनेटवर नसलेले कोट्यवधी लोक ऑनलाइन आले. क्रिकेट, सिनेमा, गाणी, निकाल, भरती हे सगळं शोधणं वाढलं. छेद एवढा फुगला की अंश वाढूनही अपूर्णांक लहान होऊ शकतो. त्यामुळे २०१६ च्या आधीच्या आणि नंतरच्या रेषेची थेट तुलना करताना दहा वेळा विचार करावा.

ही चूक फक्त समाजमाध्यमांवर होते असं नाही. २०१३ मध्ये मॅकॅलम आणि बरी या संशोधकांनी पर्यावरणाशी संबंधित १९ शब्दांचा गुगलवरचा प्रवास तपासला आणि लोकांचा पर्यावरणातला रस झपाट्याने घटतोय, असा निष्कर्ष ‘बायोडायव्हर्सिटी अँड कॉन्झर्व्हेशन’ या नियतकालिकात मांडला. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात फिचेटोला या संशोधकाने उत्तर दिलं. गुगलचे आकडे सापेक्ष असतात, एकूण सर्चचं प्रमाण आणि स्वरूप बदलत असतं, त्यामुळे उतरती रेषा म्हणजे उतरता रस असं सरळ म्हणता येत नाही, असा त्याचा मुद्दा होता. त्यानंतर या विषयावर बरंच लिहिलं गेलं, आणि आज अभ्यासक सहसा एखाद्या स्थिर संदर्भ-शब्दाशी तुलना केल्याशिवाय असे दावे करत नाहीत.

आणखी दोन तांत्रिक गोष्टी. ट्रेंड्स सगळे सर्च मोजत नाही, नमुना घेतं. त्यामुळे तोच शब्द आज आणि चार दिवसांनी तपासला तर आकडे थोडे वेगळे येऊ शकतात. शब्द कमी शोधला जात असेल तर हा फरक मोठा असतो. म्हणून वेगवेगळ्या दिवशी माहिती उतरवून सरासरी काढण्याची पद्धत आहे. दुसरं, सर्च फारच कमी असतील तर ट्रेंड्स शून्य दाखवतं किंवा पुरेशी माहिती नसल्याचा संदेश देतं. हे शून्य म्हणजे ‘कुणीच शोधलं नाही’ असं नव्हे, ते ‘मोजण्याइतकं सापडलं नाही’ असं असतं.

धाराशिव नकाशात कोरा का दिसतो?

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजारांच्या घरात होती आणि तिच्यातले सुमारे ८३ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. आठ तालुके आहेत: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी. एकही महानगर नाही. ट्रेंड्समध्ये भारत निवडता येतो, महाराष्ट्र निवडता येतो, राज्याच्या आलेखाखाली शहरांची यादी दिसते. ‘धाराशिव जिल्हा’ अशी निवड मात्र नसते. म्हणजे जिल्ह्याचा बहुसंख्य भाग या मापाच्या फटीतून आधीच निसटतो.

त्यात ठिकाण ठरवण्याची पद्धत. सर्च कुठून झाला हे इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून ठरतं. मोबाइल डेटाच्या बाबतीत हा पत्ता अनेकदा कंपनीच्या यंत्रणेचं मोठं शहर दाखवतो, माणूस उभा असलेलं गाव नव्हे. परंड्याच्या शिवारातला सर्च दुसऱ्याच एखाद्या शहराच्या खात्यावर जमा होऊ शकतो. शिवाय जिल्ह्यातली कितीतरी मुलं शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्यात आहेत. गावाकडच्या बापाचा पीक विम्याचा अर्ज पोरगं पुण्यातून भरतं, तेव्हा तो सर्च पुण्याचा.

नावाचा घोळ वेगळाच. शहराचं नाव बदलायला केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याच्या नावाचीही अधिसूचना निघाली. ट्रेंड्समध्ये फक्त ‘उस्मानाबाद’ टाकलं तर त्यानंतर रेषा खाली येणं स्वाभाविक आहे, आणि फक्त ‘धाराशिव’ टाकलं तर जिल्हा जणू २०२२-२३ मध्येच जन्माला आल्यासारखा वाटेल. रोमन लिपीत लिहिणारे उस्मानाबादची सुरुवात ‘ओ’ने करतात तशी ‘यू’नेही करतात. ट्रेंड्स शुद्धलेखन सुधारून देत नाही, प्रत्येक रूप वेगळा शब्द मानतं. उपाय दोन. एकतर सगळी रूपं अधिक चिन्हाने जोडून एकत्र टाकायची, किंवा ‘सर्च टर्म’ऐवजी ‘टॉपिक’ निवडायचा, ज्यात वेगवेगळ्या भाषा आणि नावं गुगल स्वतः एकत्र करतं. टॉपिक सोयीचा, पण त्यात काय काय घेतलंय हे दिसत नाही. मराठीतली बोलीरूपं त्यात कितपत पकडली जातात, हे तपासायचं तर दोन्ही पद्धतींनी रेषा काढून शेजारी ठेवाव्या लागतात.

‘शाश्वत’ हा शब्द शेतात कुणी वापरत नाही

खरी गंमत शब्दांत आहे.

‘सस्टेनेबिलिटी’ हा इंग्रजी शब्द कोण शोधतं? एमबीएचे विद्यार्थी, कंपन्यांच्या अहवालांवर काम करणारे, नोकरीच्या शोधात असलेले. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला. अशा कंपन्यांची कार्यालयं मुंबई-पुण्यात मोठ्या संख्येने आहेत. तिथे या शब्दाची चौकशी जास्त होत असेल, तर तो कामाचा भाग झाला. त्यावरून कुणाला निसर्गाबद्दल किती आस्था आहे, हे ठरत नाही.

मराठी ‘शाश्वत’ घेतला तर आणखी पंचाईत. शाश्वत हे मुलाचं नाव आहे. बारशाच्या आधी नावाचा अर्थ शोधणारे आईबाप आणि शाश्वत विकासावर चिंता करणारे नागरिक, दोघे एकाच रेषेत मिसळतात. ‘शाश्वत विकास’ असा जोडशब्द टाकला तर समोर येतात स्पर्धा परीक्षेचे उमेदवार, कारण हा अभ्यासक्रमातला शब्द आहे. ‘सेंद्रिय’ टाकलं तर सेंद्रिय शेतीसोबत सेंद्रिय रसायनशास्त्रही येतं. ‘पर्यावरण’ टाकलं तर अकरावी-बारावीचे विद्यार्थी येतात, ज्यांना ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयाचा प्रकल्प जमा करायचा असतो. त्यांना पर्यावरणापेक्षा तयार पीडीएफमध्ये रस असण्याची शक्यता अधिक. ५ जूनचा उंचवटासुद्धा असाच: घोषवाक्यं, भाषण, स्टेटसला ठेवायचा फोटो. ७ जूनला रेषा परत जमिनीवर.

मग धाराशिवचा शेतकरी शोधतो काय? तो ‘पोकरा’ शोधतो. हा शब्द मराठी वाटतो, पण तो ‘प्रोजेक्ट ऑन क्लायमेट रेझिलियंट अ‍ॅग्रिकल्चर’ या इंग्रजी नावाचं आद्याक्षरी रूप आहे. मराठीत त्याचं अधिकृत नाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात मराठवाड्यातले सगळे जिल्हे होते. हवामान बदलाला तोंड देणारी शेती हाच त्याचा विषय. म्हणजे ‘क्लायमेट’ हा शब्द गावागावांत पोहोचला आहे, फक्त ‘पोकरा’च्या पोटात लपून. ‘क्लायमेट चेंज’ची रेषा काढणाऱ्याला तो दिसणारच नाही.

याच जातीचे इतर शब्द: शेततळे अनुदान, ठिबक सिंचन अर्ज, महाडीबीटी, सौर कृषी पंप यादी, बीबीएफ पेरणी, बीजप्रक्रिया, जलयुक्त शिवार, बोअरला पाणी कसं लागेल. ‘मागेल त्याला शेततळे’ २०१६ चं, जलयुक्त शिवार डिसेंबर २०१४ चं, ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ २०२४ चं. प्रत्येक योजनेला स्वतःचा काळ आहे आणि तिच्या शब्दाची रेषा तेवढ्यापुरती उंचावणार. योजना बंद पडली की शब्द मरतो, गरज मरत नाही. पाच-दहा वर्षांचा कल पाहायचा तर एक शब्द धरून चालत नाही, शब्दांची टोपली लागते आणि ती मधूनमधून बदलावी लागते.

काही शब्द दोन्हीकडे असतात. ‘हवामान अंदाज’ सगळेच शोधतात. पण मराठवाड्यात त्यापुढे अनेकदा ‘पंजाब डख’ हे नाव जोडलं जातं. तो अंदाज किती बरोबर हा वेगळा विषय. पेरणी करावी की थांबावं, हा प्रश्न किती लोकांना एकाच आठवड्यात पडतो, ते मात्र या रेषेतून समजू शकतं.

पीक विम्याचं उदाहरण तर अभ्यासकांनी मुद्दाम पाहावं असं आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत अतिवृष्टी, पूर, गारपीट अशा स्थानिक आपत्तीने नुकसान झालं तर ७२ तासांत कळवावं लागत असे. ही मुदत शेतकऱ्याला फोन हातात घ्यायला भाग पाडते. ‘पीक विमा तक्रार कशी करावी’ हा सर्च म्हणूनच आपत्तीला चिकटून येतो. त्यात हौस नाही, परीक्षा नाही, दिनविशेष नाही. शाश्वततेतला ‘रस’ मोजायचा असेल तर हा शब्द कदाचित टोपलीत बसणार नाही. पण हवामानाचा तडाखा कधी आणि किती जणांना बसला, याचा तो ‘सस्टेनेबिलिटी’पेक्षा कितीतरी प्रामाणिक साक्षीदार आहे.

जे सर्च करतच नाहीत

आता सगळ्यात अवघड भाग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ३८ टक्के महिलांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. पुरुषांमध्ये हे प्रमाण ६१.५ टक्के होतं. हा राज्याचा आकडा, मुंबई-पुणे धरून.

धाराशिव जिल्ह्यात शाश्वत शेतीचं जे काम देशाबाहेर पोहोचलं, ते मुख्यतः बायकांचं आहे. १९९३ च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून वाढलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने लातूर-उस्मानाबाद भागात महिला शेतकऱ्यांचं ‘एक एकर’ मॉडेल उभं केलं. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईच्या ताब्यात, त्यात भाजीपाला, डाळी, ज्वारी-बाजरीसारखी खाण्याची पिकं, घरचं खत, कमी पाणी. संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं ‘इक्वेटर प्राइझ’ मिळालं. हे तंत्र पसरलं ते गटाच्या बैठकीत, बांधावर, एकीने दुसरीला दाखवून. त्याचा सर्च झालाच नाही, मग रेषेत येणार कुठून?

फोन असलेलेही सगळेच टाइप करत नाहीत. गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीत बोलून शोधण्याची सोय दिली, तेव्हापासून बोललेले सर्च वाढले. ते लांब असतात, वाक्यासारखे असतात, आणि प्रत्येकाचं वाक्य वेगळं. त्यामुळे ते एका शब्दाच्या रेषेत गोळा होत नाहीत. बरीच चौकशी युट्युबवर होते. ट्रेंड्समध्ये ‘वेब सर्च’ऐवजी ‘युट्युब सर्च’ निवडता येतं, आणि शेतीच्या विषयांसाठी ते आवर्जून करून पाहावं. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातला प्रश्न मात्र कुठल्याच आलेखात येत नाही.

बातमीचा ज्वर आणि गुगल फ्लूचा धडा

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात दिसला. तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एवढा लांब चालत आला होता. अशा बातमीनंतर वाघ, येडशी, रामलिंग हे शब्द शोधले जाणारच. हा वन्यजीवांमधला रस म्हणायचा, भीती म्हणायची, की नुसतं कुतूहल? रेषा उंची सांगते, कारण सांगत नाही. ट्रेंड्समध्ये खाली ‘संबंधित सर्च’ची यादी असते, तिच्यातून थोडा अंदाज येतो. लोक वाघाचा व्हिडिओ मागत होते की जनावरांच्या नुकसानभरपाईचा अर्ज, हे तिथे वेगळं दिसू शकतं.

बातमी आणि गरज यांची गल्लत किती महागात पडते, याचं जगप्रसिद्ध उदाहरण गुगलचंच आहे. २००८ मध्ये गुगलने सर्चवरून फ्लूची साथ ओळखणारी ‘फ्लू ट्रेंड्स’ सेवा आणली. सुरुवातीला कौतुक झालं. २०१२-१३ च्या हिवाळ्यात मात्र तिने अमेरिकेतल्या फ्लूसदृश आजाराच्या भेटींचं प्रमाण सरकारी नोंदींच्या दुपटीहून जास्त सांगितलं. २०१५ मध्ये सेवा बंद झाली. आजारी माणूस आणि आजाराची बातमी वाचून घाबरलेला माणूस, दोघेही एकच शब्द टाइप करतात. सर्च यंत्रणा स्वतःही बदलत होती, शब्द सुचवत होती.

पडताळणी कशाशी करायची?

धाराशिवच्या बाबतीत पडताळणीसाठी सामग्री कमी नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तालयाकडे टँकरचे अहवाल असतात. महाडीबीटीवर ठिबक आणि शेततळ्याचे अर्ज नोंदवले जातात. सर्चची रेषा आणि विहिरीची पातळी एकाच आलेखावर ठेवली, तर लोक पाणी संपायच्या आधी चौकशी करतात की संपल्यावर, हे पाहता येईल. आकांक्षित जिल्हा म्हणून २०१८ पासून या जिल्ह्याचे आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी असे आकडे नीती आयोगाच्या डॅशबोर्डवर येत राहतात, त्यामुळे आकड्यांची सवय प्रशासनाला नवी नाही.

शोधलेल्या गोष्टीची खरी संख्या हवी असेल तर विकिपीडियाचा पर्याय आहे. मराठी विकिपीडियावरचा एखादा लेख दिवसात किती वेळा उघडला गेला, हे जुलै २०१५ पासून मोजून पाहता येतं. वाटा नाही, थेट आकडा. मात्र तो आकडा अख्ख्या मराठी जगाचा असतो, त्यातून जिल्हा वेगळा काढता येत नाही.

आणि शब्दांची टोपली पुन्हा भरावी लागते ती अशी. २०१८-१९ च्या दुष्काळात या भागासाठी टोपली बांधली असती, तर तिच्यात दुष्काळ, टँकर, चारा छावणी, बोअर हे शब्द आले असते. २०२३ च्या टंचाईतही, वाशी, धाराशिव आणि लोहारा हे तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले तेव्हा, ते चालले असते. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र परंडा, भूम, कळंब भागात अतिवृष्टी झाली, पूर आला, लोकांना बाहेर काढावं लागलं, सोयाबीन पाण्याखाली गेलं आणि जागोजागी मातीच वाहून गेली. त्या आठवड्यांत दुष्काळाची टोपली रिकामी दिसली असती. फोनवर विचारले जाणारे शब्द तोवर बदललेले होते: अतिवृष्टी अनुदान, पंचनामा, खरडून गेलेली जमीन, ई-केवायसी.